युनायटेड किंग्डममधील इस्लामी वित्तव्यवस्था
युनायटेड किंग्डममधील इस्लामी वित्तव्यवस्थेत शरियतच्या नियमांनुसार, व्याज टाळून चालणारे बँकिंग, गृहवित्त व रोख्यांचे व्यवहार येतात. मुस्लिम अल्पसंख्य असलेल्या या देशाने त्यांच्यासाठी वेगळी कायदेव्यवस्था उभारली नाही. प्रचलित करकायद्यांत फेरबदल करून त्यांना सामावून घेतले.

पार्श्वभूमी
इस्लाममध्ये व्याज (रिबा) निषिद्ध मानले जाते. त्यामुळे विक्री, भाडे किंवा भागीदारी यांतून नफा मिळवला जातो. १९८२ साली लंडनमध्ये अल बराका इंटरनॅशनल बँकेचे कामकाज सुरू झाले. १९९३ मध्ये तिने बँकिंग परवाना सोडला. १९९७ मध्ये युनायटेड बँक ऑफ कुवेतने 'मंझिल' ही गृहवित्त योजना आणली.

मुद्रांक शुल्क
मुराबहा पद्धतीत बँक घर स्वतः विकत घेते आणि नफा मिळवून ग्राहकाला हप्त्यांनी विकते. कायद्याच्या दृष्टीने या दोन खरेद्या असल्याने मुद्रांक शुल्क दोनदा लागे. व्याजी कर्ज घेणाऱ्याला ते एकदाच भरावे लागे. २००३ च्या वित्त कायद्याने हे दुहेरी शुल्क रद्द केले. २००५ च्या वित्त कायद्याने अशा व्यवहारांतील नफ्याला करआकारणीपुरते व्याजासारखे मानले. त्यात धर्माचा उल्लेख न करता 'पर्यायी वित्तव्यवस्था' अशी संज्ञा वापरली आहे.

ठेवींची सुरक्षितता
२००४ मध्ये बर्मिंगहॅम येथे इस्लामिक बँक ऑफ ब्रिटन सुरू झाली. ब्रिटिश नियमांनुसार ठेव पूर्ण परत मिळणे आवश्यक होते, तर नफ्यातील वाटेकऱ्याने तोटाही सोसावा, असे शरियतचे तत्त्व आहे. यावर तोडगा असा निघाला : तोटा झाल्यास बँकेने पूर्ण रक्कम देऊ करावी, ग्राहकाने हवे तर धार्मिक कारणास्तव ती नाकारावी. ही बँक २०१४ पासून अल रय्यान बँक या नावाने ओळखली जाऊ लागली.

सरकारी सुकूक
जून २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने २० कोटी पौंडांचे सुकूक (इस्लामी रोखे) विक्रीस काढले. असे करणारा हा पहिला पाश्चात्त्य देश ठरला. सुमारे २३० कोटी पौंडांची मागणी आली. गुंतवणूकदारांना परतावा सरकारी मालमत्तांच्या भाड्यातून मिळत असे. २०२१ मध्ये ५० कोटी पौंडांचे दुसरे सुकूक निघाले.

टीका व प्रलंबित प्रश्न
मुराबहातील नफा व्यवहारात व्याजाइतकाच पडतो, हा फरक केवळ नावाचा आहे, अशी टीका काही मुस्लिम अभ्यासकही करतात. सरकारी शैक्षणिक कर्जावर व्याज लागत असल्याने काही मुस्लिम विद्यार्थी ते घेण्याचे टाळतात. पर्यायी योजना आणण्याचा अधिकार २०१७ च्या उच्च शिक्षण व संशोधन कायद्याने सरकारला दिला. मात्र त्यानंतरही अनेक वर्षे अशी योजना सुरू झाली नाही.