हजार विड्या, तीस हजार घरं

माढा तालुक्यातल्या आम्हा मोडनिंबकरांना सोलापूर लागतं ते कोर्टकचेरीसाठी, सिव्हिल हॉस्पिटलसाठी आणि लग्नाच्या बस्त्यासाठी. बस्त्यात चादरी येतातच. त्या विणणारी माणसं मात्र मूळची सोलापूरची नव्हेत. निजामाच्या मुलखातून, करीमनगर-वरंगल-नलगोंड्याकडून, दुष्काळाने आणि सावकाराने हैराण झालेला पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिला. 1870च्या दशकात जुनी मिल उभी राहिली आणि येणाऱ्यांचा ओघ वाढला. पुरुष मिलमध्ये किंवा मागावर, बायका विडीवर, घरात भाषा तेलुगू. नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे ‘आडम मास्तर’, याच समाजातले.

परमुलखातून आलेल्यांचा पुढारी म्हणून त्यांच्याकडे पाहिलं की त्यांच्या कामाचा अर्थ लागतो. स्थानिक माणसाच्या मागे गाव असतं, भावकी असते, दोन एकर का होईना रान असतं. परमुलखातून आलेल्याकडे यातलं काही नसतं. त्याच्याकडे काम असतं आणि भाड्याची खोली असते. काम गेलं की खोलीही जाते.

1978 साली आडम मास्तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून पहिल्यांदा आमदार झाले. पुढे 1995 आणि 2004 मध्ये पुन्हा निवडून आले. मधल्या पराभवांच्या काळातही मोर्चे थांबले नाहीत. निवडणुकांचा हिशेब मी इथेच आटोपतो, कारण या माणसाची खरी कमाई विधानसभेबाहेरची आहे.

ती समजायची तर आधी विडीचं काम पाहायला हवं. बाई मांडीवर सूप घेऊन बसते. पान रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने ते कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. अशा हजार विड्या झाल्या की मजुरी. कारखान्यात माल तपासणारा हवी तेवढी विडी छाट म्हणून बाजूला काढणार आणि तेवढे पैसे कापले जाणार. पान कमी मिळालं तर हजार भरण्यासाठी पदरचं पान विकत आणायचं. धूळ दिवसभर नाकातोंडात, आणि त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच रांगणारं पोर.

मिल कामगाराला गेट असतं. तिथे सभा घेता येते, टाळं ठोकता येतं, मालकाची गाडी अडवता येते. घरी बसून विडी वळणारीला गेटच नाही. त्यातच साठच्या दशकात जुनी मिल बंद पडली आणि पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी या मिलही गेल्या. गेटवर उभी असलेली कामगार चळवळ जिथे गेटच उरलं नाही तिथे उभी कशावर राहणार? मुंबईत 1982च्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातली चळवळ ओसरली, हे आपण पाहिलं आहेच. सोलापुरात आडम मास्तरांची लाल बावटा युनियन तगली, कारण ती वस्तीत शिरली. मजुरी, फंड, बोनस, ओळखपत्र यांची भांडणं चालूच राहिली. पण विडी वळणारीचं घर हाच तिचा कारखाना, म्हणून घराची मागणी हीच कामगाराची मागणी, हे या युनियनने ओळखलं. माझ्या मते आडम मास्तरांचं सगळ्यात मोठं काम हेच.

त्यातून सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. थोडा पैसा केंद्राचा, थोडा राज्याचा, उरलेला कामगारांचा. वसाहतीला नाव दिलं वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचं. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग घरं सुपूर्द करायला आले. नंतरची वसाहत कामगार पुढारी मीनाक्षीताई साने यांच्या नावाने झाली. मग आला रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प. यात विडीवाल्यांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले, ड्रायव्हरही आहेत. त्याची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते झाली. आडम मास्तरांनी त्या वेळी मोदींचं जाहीर कौतुक केलं, म्हणून पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. पक्षाची शिस्त मला कळते. पण वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाने पैसा मंजूर झाल्यावर दोन चांगले शब्द बोलावेत, यात मला तत्त्वाशी फितुरी दिसत नाही. 19 जानेवारी 2024 रोजी यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. तेव्हाही मोदीच आले होते.

सगळं भागलं असं नाही. विडीचा धंदा उतरणीला लागला आहे, आणि तो राहावा असंही कुणी म्हणणार नाही. पण विडी सुटली तर त्या बाईने करायचं काय, याचं उत्तर घराच्या चावीबरोबर मिळत नाही. कुंभारी शहराबाहेर. कामाला जायचं तर रोजचं भाडं आलं.

आमच्या माढा तालुक्यातही परमुलखाचे कामगार येतात. दिवाळीच्या सुमाराला बीडकडच्या टोळ्या उसाच्या फडाला लागतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली, पालापाचटाच्या कोप्या बांधलेल्या, पहाटेच्या काळोखात मोळ्या बांधणं सुरू. हंगाम सरला की कोप्या मोडून माणसं परत. सोलापुरात पद्मशाली वस्ती करून राहिला, म्हणून युनियनला पाय रोवायला जागा मिळाली. ऊसतोडवाल्यांचे संप झाले, नेते झाले, पण त्यांना इथे वस्ती नाही. करार होतो तोही ‘कोयत्या’चा, म्हणजे नवराबायको मिळून एक. विडी वळणारीचं नाव ओळखपत्रावर आलं, म्हणून पुढे ते घराच्या यादीत आलं. आमच्या फडावरची पहिली मागणीही हीच असायला हवी: बाईचं नाव स्वतंत्र लिहा, नवऱ्याच्या कोयत्यात मिळवू नका.