मासा, सुरी आणि मोडीतला कागद

प्रथम एक सोपे कोडे सोडवू. कागद-पेन्सिल घ्या आणि हिंदी व मराठी शब्दांच्या या जोड्या एकाखाली एक लिहा : मछली–मासा, छुरी–सुरी, पूछना–पुसणे, बछड़ा–वासरू. या सर्व जोड्यांत समान काय आहे? हिंदीत जेथे 'छ' आहे तेथे मराठीत 'स' आलेला दिसेल. आता पुढची जोडी मी अर्धीच देतो. झाडाच्या खोडावरील आवरणाला हिंदीत 'छाल' म्हणतात. मराठीत काय म्हणत असतील? 'साल'! हा शब्द तुम्हाला ठाऊक होताच, पण तो ठाऊक नसता तरी नियमावरून तुम्ही त्याच्या अगदी जवळ पोचला असता.

बछड़ा–वासरू या जोडीत आणखी एक बदल लपलेला आहे. हिंदीतल्या 'ब'च्या जागी मराठीत 'व' आहे. बीस–वीस, बाघ–वाघ, बजना–वाजणे. अशा जोड्या तुम्हीच शोधा. वर्गात पैज लावून शोधल्यात तर अर्ध्या तासात फळा भरेल.

निरीक्षणे गोळा करावयाची, त्यांतून नियम काढावयाचा आणि तो नव्या उदाहरणावर पडताळून पाहावयाचा, ही रीत आपण प्रयोगशाळेत वापरतो. भाषेच्या अभ्यासातही ती चालते, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. नियम म्हटला की अपवाद आलेच. हिंदीतल्या बिच्छूचा मराठीत 'विस्सू' न होता 'विंचू' झाला. परंतु शोध घेतला तर अपवादालाही बहुधा कारण सापडते : प्राकृत भाषेतच या शब्दाची अनुस्वार असलेली निराळी रूपे होती. 'इच्छा', 'छत्र', 'छाया' यांतला 'छ'ही तसाच राहिला, कारण हे शब्द तोंडातोंडी झिजत आलेले नाहीत. ते संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले आहेत.

तर ही बोटे शेवटी प्राकृताकडे जातात. संस्कृतातील 'हस्त' प्राकृतात 'हत्थ' झाला आणि मराठीत 'हात'. 'सप्त'चे 'सत्त' आणि मग 'सात'. 'कर्ण'चे 'कण्ण' आणि मग 'कान'. 'दुग्ध'चे 'दुद्ध' आणि मग 'दूध'. पहिल्या पायरीवर दोन वेगळी व्यंजने सारखी झाली. दुसऱ्या पायरीवर त्या जोडीतले एक गळाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. हे वाचून भौतिकीतला एखादा अक्षय्यतेचा नियम आठवेल, पण तेवढे ताणू नका. सर्व भाषांनी ही भरपाई केली आहे असे नाही. पंजाबी माणूस आजही 'हत्थ', 'सत्त', 'दुद्ध' असेच म्हणतो. म्हणजे मधली पायरी पाहावयाची असेल तर पोथ्याच धुंडाळायला हव्यात असे नाही. अमृतसरच्या बाजारात ती ऐकू येते.

यातून एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. मूळचा 'छ' हिंदीने जपला, मराठीने बदलला. 'व' मराठीने जपला, हिंदीने बदलला. मग शुद्ध कोण आणि बिघडलेले कोण? हा प्रश्नच निरर्थक आहे. गावाकडची बोली बोलणाऱ्या मुलाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आज आपण ज्याला प्रमाण मराठी म्हणतो, तीही कोणे एके काळी कोणाच्या तरी कानाला बिघडलेलीच वाटली असेल.

हे बदल कोणी ठराव करून केलेले नाहीत. मूल ऐकून भाषा शिकते, ऐकताना आणि उच्चारताना किंचित फरक पडतो आणि पिढ्यान् पिढ्या तो साचत जातो. शिवाय शेजारी, व्यापारी आणि राज्यकर्ते शब्द आणतात. पोर्तुगीजांकडून बटाटा, पगार आणि चावी आली. फारसी-अरबीकडून काय आले ते पाहण्यासारखे आहे : कागद, शाई, दौत, कलम. लेखनाचे सारे साहित्यच परभाषेतले! पण त्या साहित्याने लिहिले गेले ते मराठीच.

बोलणे असे सतत सरकत असताना लेखन मात्र मागे रेंगाळते. शाळेच्या ग्रंथालयातले साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे पुस्तक उघडा. त्यात 'नांव', 'कांहीं', 'पांच' अशी अनुस्वारांनी सजलेली रूपे दिसतील. ते अनुस्वार उच्चारातून केव्हाच गेले होते. कागदावरून ते १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी गेले. दुसरे उदाहरण 'जरा' या शब्दाचे. तो दोन प्रकारे वाचता येतो. 'जगात'ल्या 'ज'ने वाचला तर 'थोडे', 'जीवना'तल्या 'ज'ने वाचला तर 'म्हातारपण'. अक्षर एकच आहे. कोणता उच्चार करावयाचा हे कागद सांगत नाही. वाक्याचा अर्थ लावून वाचणाराच ते ठरवतो. तेव्हा वाचणे म्हणजे अक्षरांचे आवाज काढणे एवढेच नव्हे.

मग वाचताना आपण नेमके करतो तरी काय? एक प्रयोग करून पाहा. वर्तमानपत्राच्या पानाला मधोमध पेन्सिलीने लहान भोक पाडा. मित्राला ते पान समोर धरून मनातल्या मनात वाचू द्या आणि तुम्ही पलीकडून भोकातून त्याचे डोळे पाहा. ओळीवरून ते घरंगळत जात असतील असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात ते उड्या मारतात. फ्रेंच नेत्रवैद्य झाव्हाल याच्या प्रयोगशाळेतून १८७९ च्या सुमारास ही गोष्ट पुढे आली. दृष्टी एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते, मग सेकंदाच्या काही शतांश भागात पुढची उडी घेते. उडी चालू असताना अक्षरे स्पष्ट दिसत नाहीत. थांबल्यावरही स्पष्ट दिसते ते किती? हात लांब करून अंगठ्याचे नख पाहा, जवळपास तेवढेच. बाकीचे सारे अंधुक असते. ओळ सलग वाचल्याचा भास मेंदू निर्माण करतो.

हे कौशल्य मेंदूत जन्मतः बसवलेले नाही. माणूस निदान लाखभर वर्षे तरी बोलत असावा. लेखन मात्र जेमतेम पाच हजार वर्षांचे आहे. एवढ्या अल्प काळात वाचनासाठी मेंदूत खास इंद्रिय तयार होणे शक्य नाही. म्हणून मेंदू जुन्या भागाला नवे काम देतो. डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला, आकृती व चेहरे ओळखणाऱ्या भागांच्या शेजारचा एक पट्टा अक्षरे ओळखू लागतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझील आणि पोर्तुगालमधले निरक्षर, बालपणीच साक्षर झालेले आणि मोठेपणी शिकलेले अशा तीन प्रकारच्या लोकांच्या मेंदूंची तुलना केली होती. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही तो पट्टा अक्षरांना प्रतिसाद देत होता. म्हणजे उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. पण दार आपोआप उघडतही नाही. बोलणे मुलाला कोणी तासिका घेऊन शिकवीत नाही. वाचन मात्र प्रत्येक पिढीत, प्रत्येक डोक्यात नव्याने घालावे लागते.

हे काम एखाद्या समाजात थांबले तर? त्याचे उदाहरण दिल्लीत उभे आहे. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलक याने तोपरा गावचा अशोकस्तंभ दिल्लीला आणविला. खाली कापूस अंथरून खांब आडवा केला, गवत व कातड्यांत गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढविला आणि यमुनेतून होड्यांवर घालून नेला. त्या काळच्या अभियांत्रिकीची कमालच म्हणावयाची! मग त्यावरचा लेख वाचण्यासाठी विद्वान पंडितांना बोलाविले. एकालाही अक्षर लागेना. दगड होता, अक्षरे शाबूत होती, त्या भाषेच्या लेकी-नाती देशभर बोलल्या जात होत्या. फक्त ब्राह्मी लिपी वाचणारा उरला नव्हता.

ते वाचन परत मिळवायला १८३७ साल उजाडावे लागले. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यावरील छोट्या छोट्या लेखांचे ठसे पाहत होता. जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. त्याने तर्क केला की, देवस्थानाच्या कठड्यावर इतक्या निरनिराळ्या लोकांनी लिहावे असे एकच असणार, ते म्हणजे देणगी. मग शेवटचा शब्द 'दानं' असावा. आणि त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर षष्ठीचा 'स', म्हणजे आपला 'चा' असावा. अमक्याचे दान. तर्क अन्य लेखांवर टिकला आणि अक्षरांमागून अक्षरे उलगडली. आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनांचा लेखही ब्राह्मीतच आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गायींचे आकडेही कोरलेले आहेत. घाट चढून जाणारे कित्येक शतके त्या भिंतीशेजारी विसावा घेत असतील आणि त्यांना त्या नुसत्या रेघा वाटत असतील.

वाचणारा एकही नसणे हे एक टोक झाले. वाचणारे थोडेच असणे ही अवस्था अधिक घातक, असे माझे मत आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत दंग्याचे लोण पसरले. शेतकऱ्यांना मुख्यतः हवी होती ती कर्जखते. ती हिसकावून घेऊन त्यांनी जाळली. कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, आणि दावा लावण्याची मुदत चुकू नये म्हणून दर दोन-तीन वर्षांनी व्याज मुद्दलात धरून नवे खत लिहिले जाई. पण खत लिहिणारा एक, वाचणारा तोच, आणि ज्याच्या जमिनीवर ते लिहिले जाई तो खाली नांगराची निशाणी करी. फेडलेल्या रकमेची पावती मिळत नाही, खतात भलताच आकडा घातला जातो, अशा तक्रारी चौकशीत पुढे आल्या. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांची खते गावच्या नोंदणी-कामगारासमोर व्हावीत आणि फेडीची पावती मिळावी, अशी तरतूद केली. जे वाचता येत नाही त्याच्याशी झगडण्याचा एकच मार्ग त्या माणसांना दिसला होता : आग.

१९५१ च्या जनगणनेत भारतात शंभरांत सुमारे १८ जण साक्षर होते. २०११ मध्ये सुमारे ७३. जनगणनेची व्याख्या पाहा : कोणत्याही एका भाषेत 'समजून' लिहिता-वाचता येणे. त्या एका शब्दावर शिक्षकांनी वर्गात जरूर थांबावे. औषधाच्या बाटलीवरील सूचना किंवा बँकेच्या कर्जाची कलमे घडाघडा वाचणारी, पण 'म्हणजे काय' असे विचारताच गप्प होणारी मुले मी महाविद्यालयातही पाहतो.

राहता राहिली सुप्याच्या आगीतून वाचलेल्या कागदांची गोष्ट. महाराष्ट्रातील त्या काळची खते, वह्या आणि दप्तरे बहुतेक मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून आणि कचेऱ्यांतून मोडी गेली आणि देवनागरी राहिली. छपाईच्या आणि शिकवण्याच्या दृष्टीने ते सोयीचेच झाले. पण पुण्याच्या पुराभिलेखागारातले लाखो कागद त्यामुळे जवळजवळ मुके झाले आहेत. भाषा मराठीच, शब्दही बरेचसे ओळखीचे, फक्त वळण ठाऊक नाही. २०२३ साली मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी तपासण्याचे काम निघाले, तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत असा एखादा पिवळा कागद असेल तर काढून पाहा. पदवीधर वडिलांना तो वाचता येणार नाही, तुम्हाला येणार नाही. मोडी जाणणाऱ्याकडे तो घेऊन जावे लागेल आणि तो सांगेल तो आकडा खरा मानावा लागेल. मोडीची वळणे नेटाने बसले तर काही आठवड्यांत ओळखीची होतात. सुटीत शिकण्याजोगे काम आहे.