नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेत नॉमिनीचे नाव लावले की चिंता मिटली, असा समज खामगाव-मलकापूरच्या व्यापारी कुटुंबांतही पक्का आहे. वास्तविक नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा विश्वस्त, मालकी वारसांची. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केले होते. त्यांच्या पश्चात म्युच्युअल फंडांच्या नॉमिनींनी मालकी सांगितली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी निर्णय झाला : नामनिर्देशनाने वारसाहक्क बाधित होत नाही.

मृत्युपत्र नसल्यास 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणां जैनांनाही लागू होतो. पुरुषाच्या स्वकष्टार्जित संपत्तीत आई, पत्नी, मुलगे व मुली, विवाहित मुलीसुद्धा, समान वाटेकरी ठरतात. धर्मशाळेला किंवा पाठशाळेला अमुक रक्कम द्यावी, ही तोंडी व्यक्त केलेली इच्छा मात्र वारसांच्या मर्जीवर राहते. दानाचा संकल्प असेल, तर तो लेखी हवाच.

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करणे मी श्रेयस्कर मानतो. दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य आहेत. ते लाभार्थी नसावेत आणि शक्यतो आपल्याहून वयाने लहान असावेत. साक्षीची वेळ येते तेव्हा समवयस्क मित्र हयात असतीलच असे नाही. वय झाले असल्यास त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. आणि मूळ प्रत एकट्याच्या नावावरील लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडेपर्यंत ती कोणाच्याच हाती पडत नाही.