लंपनपासून पुढे: सीमाभागातल्या वाचकासाठी काही पुस्तकं

बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला वाचनाची गोडी लावायची, तर पहिलं पुस्तक दूरचं देऊ नये. मी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' देतो. १९९४ साली आलेल्या या कथासंग्रहातला लंपन आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे वाढतो. तो बोलतो ते मराठी आपल्या ओसरीवरचं, कानडी हेलाचं. शाळेत हीच बोली 'अशुद्ध' म्हणून ज्यांनी गिळून टाकली, त्यांना हे पुस्तक वाचताना भरून येतं.

पुढचं पुस्तक आधीच्यानं जागवलेल्या कुतूहलातून निवडावं, मग ते कथा असो, कविता असो वा संशोधन. लंपन आवडला की त्याच्या लेखकाची आई आठवावी. इंदिरा संतांनी बेळगावात राहून, शिकवत, आयुष्यभर कविता लिहिली. 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवितेला बिचकणाऱ्यानं त्यांच्या 'मृद्गंध' या ललित लेखनापासून सुरुवात करावी.

निपाणीत वेगळीच दुनिया भेटते. महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवली आणि तिथल्याच धबडग्यात कथा-कादंबऱ्या लिहिल्या. ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया ही त्यांची माणसं. 'एकोणिसावी जात' वाचताना हायवेवरचा ट्रक नुसता ट्रक राहत नाही. आत बसलेल्याची भूक, उधारी, शिव्या, माया सगळं दिसतं. २०२४ मध्ये मोरे गेले. त्यांच्या योग्यतेची दखल मराठी समीक्षेनं घेतली नाही, असं मला ठामपणे वाटतं. ती कसर वाचकांनीच भरून काढायची आहे.

राजन गवस यांची 'चौंडकं' ही कादंबरी वाचून माणूस अस्वस्थ होतो. यल्लम्मा देवीला सोडलेल्या पोरीची ही कहाणी. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यातली. तिच्या नावानं हे का घडलं, ती देवी मुळात कोण, हे प्रश्न पाठ सोडत नाहीत. तेव्हा रा. चिं. ढेरे यांचं 'लज्जागौरी' हाती घ्यावं. वारूळ म्हणजे भूमीची कूस आणि रेणुका-यल्लम्मा ही त्या भूमीचंच रूप, अशी उकल ढेरे पुराव्यांनिशी करत नेतात. पहिली काही पानं जड जातील, तरी नेटानं पुढे जावं. जत्रेत भंडारा उधळणाऱ्या गर्दीकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे जी. ए. कुलकर्णी 'काजळमाया'मुळे सर्वांना ठाऊक आहेत. शेतकरी वाचकाला मात्र मी त्यांचे अनुवाद सुचवतो: 'रान', 'शिवार', 'गाव'. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या या कादंबऱ्यांत ओहायोचं घनदाट जंगल तोडून माणसं शेती करतात, वस्ती वाढवतात. कुऱ्हाड, बी-बियाणं, पहिलं पीक हे सारं मराठीत इतकं मुरलेलं आहे की परकेपणा जाणवत नाही. घरात लहान मूल असेल, तर जीएंचंच 'बखर बिम्मची' मोठ्यानं वाचून दाखवावं.

सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणारे पुष्कळ, कागदपत्रं वाचणारे थोडे. त्यांच्यासाठी डॉ. दीपक पवार यांनी संपादित केलेला 'महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद: संघर्ष आणि संकल्प' (२०२१) हा ग्रंथ आहे. पण त्याच आठवड्यात कन्नड लेखक एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष' कादंबरीही वाचावी, असा माझा आग्रह. भाषेच्या हक्कासाठी भांडताना शेजारच्या भाषेतलं उत्तम साहित्य आपण दाराबाहेर ठेवलं, तर तोटा आपलाच. 'वंशवृक्ष'चा मराठी अनुवाद बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णींचा. पती विरूपाक्ष कानडी मजकूर वाचून टेप करून ठेवत आणि उमाताई तो ऐकून मराठीत उतरवत. या जोडीची कामाची रीत समजून घ्यायला उमाताईंचं आत्मकथन 'संवादु अनुवादु' आहे.

हिवाळ्यात कडोली, कुद्रेमानी, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथं गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंड्या निघतात. यंदा तिथं गेलात तर भाषणांच्या मधल्या वेळात पुस्तकांच्या टेबलाशी थांबा आणि महादेव मोरे यांचं पुस्तक नाव घेऊन मागा. नसेल तर पुढच्या वर्षी ठेवायला सांगा.