कर्तव्य कोणाचे, कोणासाठी?

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीला उद्देशिका, राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञेच्या जोडीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी छापलेली असते. राष्ट्रध्वजाचा मान राखावा, वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करावे, वैज्ञानिक दृष्टी बाणवावी, सार्वजनिक मालमत्ता सुरक्षित ठेवावी, अशी ही एकूण अकरा कर्तव्ये. त्यांत खटकण्यासारखे काही नाही. म्हणूनच ‘लोकांना हक्क तेवढे हवेत, कर्तव्याचे नाव काढायला नको’ हे वाक्य पारावर, लोकलच्या डब्यात आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत सारख्याच सहजतेने ऐकू येते आणि कोणी त्याला हरकत घेत नाही. या वाक्यामागे एक गृहीतक दडलेले असते. हक्क आणि कर्तव्ये ही तराजूची दोन पारडी आहेत, हक्कांचे पारडे फार जड झाले आहे, तेव्हा समतोल साधायचा तर त्यातले थोडे काढून घ्यावे लागेल, असे ते गृहीतक. आपल्या राज्यघटनेची कलमे आणि तिचा इतिहास पाहिला तर ते टिकत नाही. घटनेत कर्तव्ये पहिल्या दिवसापासून आहेत. मात्र ती हक्कांच्या समोर उभी नाहीत, हक्कांच्या पोटातच आहेत.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या मूळ घटनेत नागरिकांच्या कर्तव्यांचा वेगळा भाग नव्हता. घटनाकारांना जबाबदारीचे महत्त्व कळत नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. या समाजात कर्तव्यांचा तुटवडा कधी नव्हताच, हे त्यांना पक्के ठाऊक होते. प्रत्येक जातीला तिचे काम नेमून दिलेले होते आणि ते करणे हाच तिचा धर्म मानला जात होता. महाराष्ट्रातली महार वतनाची पद्धत हा त्याचा ठसठशीत नमुना. सरकारी निरोप पोचवणे, गावात येणाऱ्या अधिकाऱ्याची सरबराई करणे, मेलेली जनावरे ओढून नेणे अशी कामे वतनदार महाराला दिवस-रात्र न पाहता करावी लागत. मोबदला म्हणजे इनाम जमिनीचा तुकडा आणि गावाने घातले तर बलुते. हे बंधन केवळ रूढीचे नव्हते. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याचे त्याला पाठबळ होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यात बदल सुचवणारे विधेयक मांडले. प्रत्यक्ष वतन संपवणारा कायदा १९५८ साली झाला. कर्तव्यपालनाच्या कसोटीवर या व्यवस्थेत काहीच उणे नव्हते. उणीव होती ती ‘हे काम मी करणार नाही’ असे म्हणण्याच्या हक्काची. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना बाबासाहेबांनी गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते या अनुभवावर आधारलेले होते.

आता घटनेची कलमेच पाहू. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ हक्कांच्या भागात आहे, पण त्याचा रोख सरकारपुरता मर्यादित नाही. ते प्रत्येक नागरिकाला सांगते की अस्पृश्यता पाळायची नाही. कलम १५ मधले दुसरे उपकलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्या वापरात जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही असे बजावते. महाडच्या इतिहासात या दोन कलमांचा अर्थ स्पष्ट होतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला. पाठोपाठ महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, त्यानंतर मारहाण झाली आणि प्रकरण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. ठरावाने हक्क दिला होता. इतरांवर ‘अडवू नका’ हे बंधन घालणारी यंत्रणा नव्हती, म्हणून तो कागदावर राहिला. एकाच्या हक्काची दुसरी बाजू म्हणजे दुसऱ्याचे कर्तव्य. दोन्ही एकाच वाक्यात येतात, त्यांची वजने वेगळी करता येत नाहीत.

कलम २३ यापुढे जाते. त्याचे पहिले उपकलम वेठबिगारीला मनाई करते. दुसरे उपकलम मात्र सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला देते आणि लगेच अट घालते: अशी सेवा लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करायचा नाही. या दोन वाक्यांत कर्तव्याचे अख्खे तत्त्वज्ञान आले आहे. काम सार्वजनिक गरजेचे हवे आणि भार सर्वांवर सारखा हवा. या दोन अटी काढल्या की सेवेची वेठ होते. कलम १९ मध्ये हाच विचार दुसऱ्या अंगाने येतो. भाषण, सभा, संचार, व्यवसाय ही स्वातंत्र्ये दिल्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी अशा कारणांसाठी त्यांच्यावर वाजवी निर्बंध घालता येतील, असे पुढची उपकलमे सांगतात. प्रत्येक स्वातंत्र्यावरच्या निर्बंधाची कारणे मोजकी आहेत, निर्बंध कायद्याने घालावा लागतो आणि तो वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासते. म्हणजे व्यक्ती आणि समाज यांच्यातला समतोल घटनेने १९५० मध्येच साधलेला आहे. तो साधायचा राहून गेला होता, ही समजूत चुकीची आहे.

मग कर्तव्यांची यादी आली कधी? आणीबाणीत. १९७६ मध्ये काँग्रेस पक्षाने सरदार स्वर्णसिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने आठ कर्तव्ये सुचवली. त्यांत कर भरणे हे एक होते. कर्तव्य मोडणाऱ्याला संसदेने शिक्षा ठरवावी आणि मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून अशा कायद्याला कोर्टात आव्हान देता येऊ नये, असेही समितीने म्हटले होते. शिक्षेची सूचना मान्य झाली नाही आणि कर भरण्याचे कलमही गळाले. ४२व्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्यांचे कलम ५१क घटनेत आले आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाले. त्याच दुरुस्तीने कलम ३१ड आणले होते. ‘राष्ट्रविरोधी कारवायां’विरुद्धच्या कायद्याला समानतेच्या किंवा कलम १९ मधल्या स्वातंत्र्यांच्या आधारे आव्हान देण्याची वाट त्याने बंद केली. काही महिने आधी, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने निकाल दिला होता की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येत नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना तेवढे विरोधात उभे राहिले. नागरिकाला त्याच्या कर्तव्यांचा पाठ दिला गेला तो असा, त्याचे हक्क कुलूपबंद असताना.

यावर कोणी म्हणेल की जन्मवेळ वाईट म्हणून मूल वाईट ठरत नाही. हा आक्षेप रास्त आहे. जनता सरकारने ३१ड रद्द केले, ४४व्या दुरुस्तीने आणीबाणीचे अनेक काटे काढले, पण कलम ५१क ला हात लावला नाही. पुढे त्याचा चांगला उपयोगही झाला. गंगेच्या प्रदूषणाच्या खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा आधार घेऊन शाळांत आठवड्याला किमान एक तास पर्यावरणाचे शिक्षण देण्याबद्दल निर्देश दिले. पण ‘ही तर नुसती नैतिक शिकवण, तिची भीती कशाला’ हे त्यापुढचे विधान खरे नाही. कर्तव्ये थेट अमलात आणता येत नसली तरी कायद्याचा अर्थ लावताना न्यायालये ती विचारात घेतात. गुजरातमधल्या गोवंश हत्याबंदीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगण्याच्या कर्तव्याचा दाखला देत बंदी वैध ठरवली आणि १९५८ चा आपलाच निकाल त्या मुद्द्यावर बाजूला सारला. निकाल पटो न पटो, कर्तव्याच्या कलमाने व्यवसायाच्या हक्काची मर्यादा सरकली हे नक्की.

कर्तव्याचा पट्टा किती ताणायचा, याचे उत्तर केरळच्या एका खटल्यात मिळते. १९८५ मध्ये तिथल्या शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. राष्ट्रगीताचा आदर करणे हे कलम ५१क मधले पहिल्या क्रमांकाचे कर्तव्य. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते कर्तव्य नाकारले नाही. ते पाळले गेले आहे का, एवढेच तपासले. उभे राहणे हा आदरच आहे, गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आणि कायदा नसताना शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने श्रद्धेचे स्वातंत्र्य आणि गप्प राहण्याचा हक्क काढून घेता येत नाही, असे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने सांगितले. मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश झाला. कर्तव्य शाबूत राहिले, हक्कही शाबूत राहिला. वर्गातल्या बहुसंख्यांना आवडेल तोच कर्तव्याचा एकमेव आकार, हा आग्रह तेवढा फेटाळला गेला.

सगळ्यात वजनदार आक्षेप गांधीजींच्या नावाने घेतला जातो. हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून उगवतात, असे त्यांनी १९४७ मध्ये युनेस्कोच्या ज्युलियन हक्सले यांना कळवले होते. मात्र हा विचार सांगणारा माणूस मिठाचा कायदा मोडून तुरुंगात गेला होता. त्याने कर्तव्य स्वतःवर घेतले, सरकारच्या हाती दिले नाही. व्यक्तीने स्वतःला ‘आधी कर्तव्य’ म्हणून बजावणे ही साधना आहे. सत्तेने नागरिकाला तेच बजावणे ही अट आहे, आणि ती पुरी झाली की नाही हे ठरवणारी सत्ताच असते. शिवाय ही अट घटनेच्या रचनेत बसत नाही. कलम ५१क नागरिकांपुरते आहे, तर समानतेचे कलम १४ आणि जीविताचे कलम २१ प्रत्येक व्यक्तीला लागू आहेत. पाळण्यातले मूल, परदेशी प्रवासी, तुरुंगातला कैदी यांनी कोणते कर्तव्य पार पाडून जगण्याचा हक्क कमावला?

मग कचरा रस्त्यावर टाकणारे, कर बुडवणारे, सरकारी बस जाळणारे यांचे काय, हा रोजच्या वैतागातून आलेला प्रश्न उरतो. वैताग खरा आहे, पण त्याचे कारण हक्क नव्हेत. कर बुडवणे, सार्वजनिक मालमत्तेची नासधूस, ध्वजाचा अपमान, वन्यप्राण्यांची शिकार हे सगळे कायद्याने गुन्हे आहेतच. मूलभूत कर्तव्यांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने १९९९ मध्ये अशा कायद्यांची जंत्रीच दिली होती. अडते ते अंमलबजावणीत आणि बड्यांना मिळणाऱ्या सवलतीत. ज्याचा दंड माफ होतो तो हक्कांमुळे सुटत नाही, वशिल्यामुळे सुटतो.

अकरावे कर्तव्य या सगळ्याची उत्तम परीक्षा घेते. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यावी, हे पालकांचे कर्तव्य २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने आले. त्याच दुरुस्तीने कलम २१क मध्ये बालकाचा हक्क लिहिला. पुढे २००९ च्या कायद्याने ‘सक्तीचे’ या शब्दाचा भार प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होण्यापर्यंत शासनावर टाकला. पालकाला कर्तव्य सांगितले, पण शिक्षा ठेवली नाही. याचे शहाणपण बीडमध्ये कळते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेले जोडपे ‘एक कोयता’ म्हणून कारखान्याच्या फडावर निघते, आणि मागे सांभाळणारे कोणी नसले की मूल बैलगाडीत बसते. या आईबापांना दंड केला तर उचल वाढेल, हजेरी वाढणार नाही. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले, तिथे जेवण आणि मुलींसाठी सुरक्षित निवारा असला, तर बहुतेक आईबाप आपले कर्तव्य कोणी न सांगता पार पाडतील. मुलाचा हक्क, पालकांचे कर्तव्य आणि शासनाचे कर्तव्य या साखळीत शासनाची कडी तुटली की आधीच्या दोन्ही निरुपयोगी होतात.

तेव्हा यापुढे कोणी कर्तव्याची हाक दिली तर तिला विरोध करण्याचे कारण नाही. तिची उलटतपासणी करण्याचे आहे. या कर्तव्याने कोणाचा हक्क राखला जातो, ते विधिमंडळाने कायदा करून घातले आहे की एखाद्या परिपत्रकाने, भार सर्वांवर सारखा आहे का, आणि हाक देणाऱ्याने स्वतःचे कर्तव्य केले आहे का? महाडच्या तळ्याचे पाणी खुले ठेवण्याचे कर्तव्य या तपासणीत उत्तीर्ण होते, महार वतनाचे होत नाही. आणि कर्तव्य मोडल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, त्यालाही अटकेची कारणे कळण्याचा, वकील गाठण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचा हक्क कलम २२ देते. कर्तव्य खरेच मोडले का, हे ठरवण्यासाठीसुद्धा आधी हक्क लागतो.