एक नाव, अनेक मिलिंद

महाराष्ट्रातील शाळेत एकाच हजेरीपटावर दोन-तीन मिलिंद सापडणे नवलाचे नाही. गुरुजी त्यांना आडनावाने हाक मारतात आणि आडनाव उच्चारले की वर्गाला जात कळते. नाव मात्र सर्वांचे एकच. ते कोणाच्या घरी कोणत्या वाटेने आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

एक वाट संस्कृत काव्यातली आहे. तेथे मिलिंद म्हणजे भुंगा. पांढरपेशा घरांत हे नाव बहुधा या कोमल अर्थाने रुळले. दुसऱ्या वाटेचा कमळाशी आणि भुंग्याशी काही संबंध नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होऊन गेला. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरे आहेत. पाली ग्रंथात त्याचाच मिलिंद झाला.

ग्रीकांतही हे नाव त्याच्या एकट्याचे नव्हते. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी अथेन्समध्ये सुखात्मिका लिहिणारा मिनँडर होता. पुढे याच नावाचा आणखी एक राजा नाण्यांवर भेटतो. गावांचेही तेच. 'मिलिंदपञ्ह' सांगतो की राजाचा जन्म अलसंद द्वीपातला. अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया. पण अलेक्झांडरने आपले नाव इतक्या शहरांना दिले की हे अलसंद नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जिंकणारा आपले नाव भूमीवर गोंदून जातो. तेथे आधी राहणारे त्या भूमीला काय म्हणत होते, ते क्वचितच उरते.

राजा आणि भिक्खू नागसेन यांची प्रश्नोत्तरे सुरू होतात तीही नावापासूनच. भदंतांचे नाव काय, असे राजा विचारतो. नागसेनांचे उत्तर असे: लोक मला नागसेन म्हणतात, आईबाप नागसेन, सूरसेन, वीरसेन अशी नावे ठेवतात, पण ही व्यवहारापुरती खूण आहे, तिच्यामागे कायमचा असा कोणी सापडत नाही. राजा सहजासहजी मान्य करीत नाही. केस म्हणजे नागसेन काय, दात म्हणजे नागसेन काय, असे तो खोदून विचारतो. मग नागसेन त्याच्याच रथाचा दाखला देतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. हे सारे एकत्र आले की त्याला आपण रथ म्हणतो.

याच्या शेजारी मनुस्मृतीचा दुसरा अध्याय ठेवून पाहावा. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे. तेथे नाव ही खूण राहत नाही, तो जन्माचा निवाडा होतो. आपल्या आजा-पणजांचे नाव राम असले तरी गावाची हाक 'राम्या' अशीच येई, हे त्याच निवाड्याचे व्यवहारातले रूप.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मुंबईतील पहिले महाविद्यालय 1946 मध्ये सुरू झाले. त्याला सिद्धार्थाचे नाव होते. 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांनी दुसरे महाविद्यालय उभे केले. ते मिलिंद महाविद्यालय आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. ही निवड फार विचारपूर्वक झालेली दिसते. उत्तर देणाऱ्याचे नाव जमिनीला आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यार्थी ज्या इमारतीत शिरणार तिला! ज्यांच्या बापजाद्यांना गावात उलट प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, ती मराठवाड्यातली मुले येथे आली. म. ना. वानखडे येथे प्राचार्य होते. दलित साहित्याच्या आरंभीच्या चर्चेत या परिसराचा वाटा किती, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको.

पुढे आपल्या वस्त्यांत मुलांची नावे मिलिंद ठेवली गेली ती या राजावरून आणि या महाविद्यालयावरून. वस्त्याही मिलिंदनगर झाल्या. पवईत एक आहे, पिंपरीत एक आहे. त्यातला मुलगा शिकून शहरात नोकरीला लागतो आणि भाड्याची खोली शोधू लागतो. नुसत्या 'मिलिंद'वरून घरमालकाला काही उमगत नाही, कारण त्याच्या भाच्याचेही तेच नाव असते. म्हणून तो पूर्ण नाव विचारतो. आडनाव गावावरून पडलेले, 'कर' लागलेले निघाले तर त्याचीही पंचाईत होते. मग तो मूळ गाव विचारतो, आणि गावात घर कोणत्या बाजूला, हेही.