दुकानाच्या गाडीची चावी कोणाच्या हाती?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, भिवंडी असो की मालेगाव, सुताची पोती आणि कापडाचे तागे आज दुचाकीवरून सर्रास फिरतात. दुकानात नवा मुलगा कामाला लागला की चार दिवसांत गाडीची चावी त्याच्या हाती जाते. आपण फक्त "गाडी येते का?" एवढेच विचारतो. कायदा मात्र तीन सवाल करतो : वय किती, इंजिन केवढे आणि परवान्यावर काय लिहिले आहे.

पहिली गोष्ट वयाची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. सवलत एकच आहे. १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पालकांच्या लेखी संमतीने ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो. लुनाच्या जमान्यात ही सवलत कामाची होती, कारण लुना ५० सीसीचीच होती. आजची साधी स्कूटर ११० सीसीच्या आसपास असते. माल वाहण्यासाठी घेतली जाणारी टीव्हीएसची एक्सएल-१०० जवळपास १०० सीसीची आहे, तर जुनी एक्सएल सुपर ७० सीसीची. दिसायला मोपेड असली तरी सोळा वर्षांच्या मुलाला यातली एकही गाडी चालत नाही.

विजेच्या गाडीबाबतही गैरसमज आहे. मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशी मंजुरी मिळालेल्या हलक्या गाडीलाच परवाना लागत नाही. त्याच गाडीचा वेग कारागिराकडून वाढवून घेतला की ही सूट संपली. मोठ्या विजेच्या स्कूटरला परवाना आणि नोंदणी दोन्ही लागतात.

दुसरी गोष्ट परवान्याच्या वर्गाची. विनागिअर दुचाकीचा परवाना असलेल्याने गिअरची मोटारसायकल चालवली, तर कायद्याच्या नजरेत तो त्या गाडीपुरता विनापरवाना ठरतो. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीवर लाल 'एल' लावावा लागतो आणि शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या ताकदीची. १८ वर्षांनंतर आपल्याकडे ताकदीवर काहीच मर्यादा नाही. गिअरच्या एकाच परवान्यावर आठ हॉर्सपॉवरची स्प्लेंडर चालते आणि चाळीसहून अधिक हॉर्सपॉवरची केटीएम ३९० ड्यूकसुद्धा. नुसत्या सीसीवरून ताकद कळत नाही. साडेतीनशे सीसीची एन्फील्ड वीस हॉर्सपॉवरची, तर ३७३ सीसीची जुनी ड्यूक ४३ ची. ब्रिटनमध्ये म्हणूनच ताकद मोजून पायऱ्या ठेवल्या आहेत. तिथे १७ व्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, म्हणजे सुमारे १५ हॉर्सपॉवरपर्यंतची गाडी मिळते. १९ व्या वर्षी परीक्षा देऊन ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४७ हॉर्सपॉवर. त्यापुढची कोणतीही गाडी त्या वर्गात दोन वर्षे काढून २१ व्या वर्षी, नाहीतर थेट २४ व्या वर्षी. आपल्या कायद्यात ही पायरी नाही, म्हणून ती घरच्यांनी आणि मालकांनी ठेवायची आहे.

आता नुकसानीचा हिशेब पाहू. विनापरवाना माणसाला गाडी दिली तर कलम १८० प्रमाणे मालकाला पाच हजारांचा दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावरच असतो.

सर्वांत जड बाब विम्याची. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात ही बाब स्पष्ट केली. चालकाकडे परवाना नसला तरी जखमीला भरपाई विमा कंपनीने आधी द्यायची, पण मालकाने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने गाडी दिली असेल तर ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. अपघाताची भरपाई लाखांत जाते. विम्याचा हप्ता वेळेवर भरूनही दुकानाचे भांडवल त्यात जाऊ शकते.

तेव्हा उपाय सोपा आहे. मुलगा कामावर ठेवताना अस्सल परवाना पाहावा, त्यावरील गाडीचा वर्ग आणि मुदत तपासावी आणि एक प्रत दुकानात ठेवावी. शिकाऊ परवान्यावर मालाच्या फेऱ्या मारायला पाठवू नये. पक्का परवाना नवा असेल तर सहा-आठ महिने शंभर-सव्वाशे सीसीचीच गाडी द्यावी आणि वजन कमी ठेवावे. परवाना नसलेल्या मुलाला दुकानातली दुसरी कामे पुष्कळ आहेत. मालाची एक फेरी उशिरा गेली तर गिऱ्हाईक थांबते. आईबापांनी विश्वासाने आपल्याकडे पाठवलेल्या मुलाचा हातपाय गेला, तर तो दंड भरून परत येत नाही.